वाचकांचे प्रश्न : युद्धे धर्मासाठी होतात की महसुलासाठी?

या महिन्याच्या टपालात एकाच विषयावरची पत्रे इतकी आली की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलावे लागले. ‘बहुतेक युद्धांचे खरे कारण धर्मच असतो’ हे विधान काही वाचकांना उघड सत्य वाटते, तर काहींना ती धर्माची नाहक बदनामी वाटते. निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे देत आहोत.

कॉलेजच्या वादविवाद स्पर्धेत मला या विधानाच्या विरुद्ध बोलायचे आहे. ‘इतिहासातली फक्त ७ टक्के युद्धे धार्मिक होती’ हा आकडा जिकडेतिकडे दिसतो. तो बिनधास्त वापरू का?
— एक विद्यार्थिनी, दादर

आकडा हवेतून काढलेला नाही, पण बिनधास्त वापरण्याजोगाही नाही. फिलिप्स आणि ॲक्सेलरॉड या दोघांनी संपादित केलेला ‘एन्सायक्लोपीडिया ऑफ वॉर्स’ नावाचा तीन खंडांचा कोश आहे. त्यात १७६३ युद्धांच्या नोंदी आहेत आणि सूचीत ‘धार्मिक युद्धे’ या मथळ्याखाली १२३ नोंदी येतात. भागाकार केला की ६.९८ टक्के. हेच ते ७ टक्के.

आता यातली गोम. सूची वाचकाला पान सापडावे म्हणून केलेली असते. प्रत्येक युद्धाची कारणे तपासून, त्यांना वजन देऊन ती बनत नाही. शिवाय कोशात प्रत्येक नोंद म्हणजे एक युद्ध. दुसऱ्या महायुद्धाची नोंद एक आणि दोन सरदारांतल्या चार महिन्यांच्या चकमकीची नोंदही एकच. माणसे किती मेली, लढाई किती वर्षे चालली, याचा हिशेब त्या टक्केवारीत नाही. ‘ज्या युद्धांत धर्म हे दोन-तीन कारणांपैकी एक होते, ती तुम्ही कुठे धरली?’ असे प्रतिस्पर्ध्याने विचारले, तर तुमच्याकडे उत्तर नसेल. आकडा द्यायचाच असेल तर ‘एका कोशाच्या सूचीनुसार’ एवढे म्हणा आणि लगेच पुढे सरका.

त्यापेक्षा स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाची संघर्ष-नोंदणी हाताशी ठेवा. वर्षभरात लढाईत २५ माणसे मेली की ते त्याला सशस्त्र संघर्ष म्हणतात आणि १००० मेली की युद्ध. भांडण कशावरून आहे, याचे त्यांचे मूळ रकाने दोनच आहेत : सत्ता कुणाची आणि प्रदेश कुणाचा. धर्माचा रकाना संशोधकांनी नंतर वेगळा जोडला आणि तो जोडल्यावर दिसते असे की १९७०च्या दशकानंतर धार्मिक मागण्या असलेल्या संघर्षांचा वाटा वाढत गेला आहे. म्हणजे ही नोंदणी तुमच्या बाजूने आहे आणि थोडी विरुद्धही. परीक्षक जाणकार असेल, तर विरुद्ध जाणारा भाग तुम्ही स्वतःहून सांगितलात हेच त्याला आवडेल.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातले युरोपचे तीस वर्षांचे युद्ध तरी धार्मिक होते ना? आम्हाला शाळेत तसेच शिकवले.
— एक निवृत्त शिक्षक, गोरेगाव

सुरुवात धार्मिक होती, यात शंका नाही. बोहेमियात प्रोटेस्टंटांनी बांधलेली दोन चर्चे कॅथलिक अधिकाऱ्यांनी बंद पाडली. १६०९च्या सनदेने प्रोटेस्टंटांना दिलेला चर्च बांधण्याचा हक्क कॅथलिक चर्चच्या मालकीच्या जमिनीवर लागू होतो की नाही, हा तो तंटा. २३ मे १६१८ रोजी प्रागच्या किल्ल्यात सरदार चिडून जमले आणि त्यांनी हाब्सबुर्ग घराण्यातल्या कॅथलिक बादशहाचे दोन कारभारी व एक चिटणीस असे तिघे खिडकीबाहेर फेकले. तिघेही वाचले. कॅथलिकांनी हा देवमातेचा चमत्कार ठरवला, तर प्रोटेस्टंटांनी खाली उकिरडा होता असे सांगितले.

पण पुढचा हिशेब पाहा. बंडखोर प्रोटेस्टंट होते, तरी १६२०मध्ये सॅक्सनीचा लुथरन, म्हणजे प्रोटेस्टंटच, अधिपती कॅथलिक बादशहाच्या मदतीला धावला, कारण खर्चापोटी लुसेशिया प्रांत त्याला गहाण मिळणार होता. बादशहाचा सेनापती वालेनस्टाइन प्रोटेस्टंट आईबापांच्या पोटी जन्मलेला. त्याच्या हाताखाली आर्निमसारखे लुथरन अधिकारी होते. जानेवारी १६३१मध्ये बेरवाल्डे इथे करार झाला आणि कॅथलिक फ्रान्सने लुथरन स्वीडनला वर्षाला ४ लाख थेलर (तेव्हाची चांदीची नाणी) द्यायचे कबूल केले. त्या पैशात स्वीडनने ३०,००० पायदळ आणि ६,००० घोडदळ जर्मनीत उभे ठेवायचे. फ्रान्सचा कारभार तेव्हा कुणाच्या हाती? कार्डिनल रिशेल्यूच्या. चर्चचा कार्डिनल प्रोटेस्टंट फौजेचा पगार भरत होता, कारण स्पेन आणि ऑस्ट्रियात राज्य करणाऱ्या हाब्सबुर्ग घराण्याचा दोन्ही बाजूंनी वेढा पडल्याची भीती त्याला धर्मबंधुत्वापेक्षा मोठी वाटत होती. १६३५मध्ये फ्रान्स स्वतःच मैदानात उतरला, तोही कॅथलिक स्पेनविरुद्ध. १६४३मध्ये लुथरन स्वीडनने लुथरन डेन्मार्कवर स्वारी केली.

युद्ध इतके लांबले त्यालाही पगारच कारण. कुठल्याच राजाकडे एवढ्या फौजेला पुरेल असा खजिना नव्हता, म्हणून फौज ज्या मुलखात असेल तिथूनच खंडणी उकळायची, हा नेम झाला. मुलूख रिकामा झाला की पुढचा गाठायचा. फौज मोडायची तर थकलेला पगार चुकवावा लागतो, म्हणून मोडताही येईना. माणसे तलवारीपेक्षा रोगाने आणि भुकेने जास्त मेली.

१६४८चा वेस्टफालियाचा तह वाचला तर दोन्ही धागे दिसतात. धर्माची कलमे आहेत आणि ती नीट विचार करून घातलेली आहेत. १ जानेवारी १६२४ रोजी चर्चची जी मालमत्ता ज्या पंथाकडे होती, ती त्याच्याकडे राहील. ऑग्सबुर्गसारख्या मिश्र शहरात अधिकाराची पदे निम्मी-निम्मी वाटली जातील. त्याच तहात स्वीडनला पश्चिम पोमेरेनिया मिळतो आणि सैनिकांची थकबाकी भागवायला ५० लाख थेलर मिळतात. तेव्हा शाळेत शिकवले ते पहिल्या काही वर्षांपुरते खरे. १६३५नंतरच्या युद्धाला धर्मयुद्ध म्हणायला आम्ही तयार नाही.

आमच्याकडे चिमाजी अप्पांच्या वसई मोहिमेला धर्मयुद्ध म्हणतात. काही जण म्हणतात की ती केवळ राज्यविस्ताराची स्वारी होती. खरे काय?
— एक वाचक, वसई

या प्रश्नाला थोडी जास्त जागा देतो, कारण दोन्ही बाजूंचे कागद उपलब्ध आहेत.

पोर्तुगीज वसईत १५३४पासून होते. त्यांच्या मुलखात देवळे पाडली गेली, हिंदूंच्या उघड धर्मविधींवर बंदी आली आणि गोव्यात १५६०पासून इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मभ्रष्टतेचे खटले चालवणारे, चर्चचे न्यायालय चालले. तक्रार खोटी नव्हती. साष्टी बेट आणि वसई यांच्या परिसरातले वतनदार, त्यांत अणजूरचे गंगाजी नाईक प्रमुख, पेशव्यांकडे हेच गाऱ्हाणे घेऊन गेले होते. मोहिमेसाठी वाटाड्ये, स्थानिक माणसे आणि बातम्या मिळाल्या त्या या मंडळींमुळे. धर्माचा छळ झाला नसता, तर खाडीपलीकडची एवढी मदत मराठ्यांना मिळाली नसती, असे आमचे मत आहे.

पण गाऱ्हाणे दीड-दोनशे वर्षांचे होते. स्वारी १७३७मध्येच का झाली? तोवर कोकणपट्टीत मराठ्यांचे बस्तान बसत आले होते. साष्टी भातपिकाची, वसईच्या आसपास जहाजबांधणीचे लाकूड आणि बंदरांची जकात. ठाण्याचा किल्ला पोर्तुगीज बांधत होते आणि तो पुरा व्हायच्या आत, मार्च १७३७च्या अखेरीस, मराठ्यांनी तो घेतला. तो पुरा झाला असता तर साष्टीत उतरणेच अवघड होते. मुहूर्त किल्ल्याच्या बांधकामाने ठरवला, असे म्हणायला हरकत नाही.

वसईचा शेवटचा वेढा १७३९च्या फेब्रुवारीत बसला. किल्ल्याला तीन बाजूंनी पाणी. जमिनीच्या बाजूने तटाखाली सुरुंग खणायचे, त्यात दारू ठासायची आणि भिंत उडाली की त्या खिंडारातून हल्ला करायचा, एवढाच मार्ग उरतो. सुरुंग नेमका वेळेवर उडाला नाही, तर खिंडाराकडे धावणारी आपलीच माणसे त्यात सापडतात. वसईत असे घडले आणि मराठ्यांची हानी पोर्तुगिजांपेक्षा कितीतरी अधिक झाली. मे महिन्यात बुरूज कोसळल्यावर किल्ला शरण आला.

आता शरणागतीच्या अटी वाचा. शिबंदीने हत्यारांसह, वाजतगाजत बाहेर पडावे. रहिवाशांना मालमत्ता नेता येईल. जे ख्रिस्ती मागे राहतील, त्यांना आपला धर्म पाळता येईल. धर्मच निपटायचा असता, तर हे शेवटचे कलम आले नसते. वसईत आज कादोडी ही स्थानिक बोली बोलणारी आणि वाडवळ ख्रिस्ती कुटुंबे आहेतच की. विजयाची खूण म्हणून चर्चमधल्या घंटा मात्र देवळांत गेल्या. मेणवलीला आणि भीमाशंकरला त्या अजून टांगलेल्या आहेत.

आणि मुंबईचे इंग्रज? ते ख्रिस्तीच. वेढ्यात पोर्तुगिजांनी त्यांच्याकडे पैसे मागितले, तेव्हा इंग्रजांनी कर्ज दिले ते चर्चचे चांदीचे सामान आणि पितळी तोफा तारण घेऊन. वसई पडल्यावर सुमारे दोन महिन्यांत कंपनीचा कॅप्टन इंचबर्ड मराठ्यांशी व्यापाराचा तह करून मोकळा झाला आणि इकडे मुंबईच्या कोटाभोवती मराठ्यांच्या भीतीने खंदक खणायला सुरुवात झाली. धर्मबंधूंचे हे वागणे पाहिल्यावर ‘ख्रिस्ती विरुद्ध हिंदू’ ही मांडणी टिकत नाही. पण ‘केवळ राज्यविस्तार’ म्हणणाऱ्यांनी गंगाजी नाईकांच्या गाऱ्हाण्याचे काय करायचे, तेही सांगावे.

पानिपत?
— एक वाचक, ठाकूरद्वार

प्रश्न एका शब्दाचा आहे, उत्तर चार ओळींत देतो. भाऊसाहेबांचा तोफखाना इब्राहिमखान गारद्याच्या हाती होता आणि तो शेवटपर्यंत लढला. पकडला गेल्यावर अब्दालीच्या छावणीत त्याला मारण्यात आले. सुन्नी अब्दालीच्या बाजूला अवधचा शिया नवाब शुजाउद्दौला होता. सूरजमल जाट मराठ्यांना सोडून आधीच निघून गेला. जयपूरकर आणि इतर राजपूत आलेच नाहीत, कारण वारसाहक्काच्या भांडणांत मराठ्यांनी घातलेला हात आणि वसूल केलेली खंडणी ते विसरले नव्हते. ईश्वरीसिंहाने १७५०मध्ये विष घेतले ते याच तगाद्यापायी. मुळात मराठे उत्तरेत अडकले ते १७५२च्या करारामुळे : ५० लाख रुपयांच्या बदल्यात दिल्लीच्या मोगल बादशाहीचे रक्षण करायचे. रोहिला सरदार नजीबखानाने आणि दिल्लीचे धर्मपंडित शाह वलीउल्लाह यांनी अब्दालीला बोलावताना इस्लामच्या नावाने साद घातली, हे खरे आहे. पण लढाईच्या मैदानावरची विभागणी त्या हाकेप्रमाणे झाली नाही.

१८५७चा उठाव गाईच्या आणि डुकराच्या चरबीमुळे झाला. मग तो धर्मासाठीच झाला, असे का म्हणू नये?
— एक वाचक, भायखळा

काडतुसाची रचना आधी पाहू. एनफिल्ड रायफलच्या नळीला आतून चर असत. गोळी त्यात घट्ट बसे, म्हणून कागदी काडतुसाच्या गोळीकडच्या टोकाला वंगण लावावे लागे. दुसरे टोक दाताने फाडून दारू नळीत ओतायची, मग गोळी ठासायची. वंगणात चरबी कसली, ही शंका जानेवारी १८५७मध्ये डमडमच्या कारखान्यातून पसरली.

सरकारने चूक सुधारली ती अशी, की संशय आणखी वाढला. काडतुसे वंगणाविना देऊ, शिपायांनी स्वतः मेण आणि तूप लावावे, असा हुकूम निघाला. शिपायांनी हिशेब मांडला : आता बदलताहेत, म्हणजे आधी खोट होती. पुढे नव्या काडतुसाचा कागद चकचकीत दिसतो म्हणून त्यावरही संशय आला. दाताऐवजी हाताने फाडायची नवी कवायत आली, तरी उपयोग झाला नाही. २४ एप्रिलला मेरठमध्ये तिसऱ्या घोडदळाच्या ९० जणांपैकी ८५ जणांनी काडतुसे नाकारली. ती काडतुसे तर जुन्याच पद्धतीची होती. ९ मे रोजी त्या ८५ जणांना सर्वांदेखत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्या दिवशी भडका उडाला.

म्हणजे ठिणगी धर्माचीच. पण ठिणगी पडली तेव्हा खाली काय पसरले होते? सातारा, झाशी आणि नागपूर खालसा झालेले. १८५६मध्ये अवध गिळलेले, आणि बंगाल आर्मीतले कितीतरी शिपाई त्याच अवधमधल्या शेतकरी घरांतले. परमुलखातल्या भत्त्याला कात्री. नव्या भरतीला समुद्रापार जाण्याची सक्ती. आणि धर्म धोक्यात आला तो हिंदूंचा आणि मुसलमानांचा दोघांचाही, म्हणून दोघे एकत्र बहादूरशहाच्या झेंड्याखाली गेले. १५ ऑक्टोबर १८५७ रोजी मुंबईत, आजच्या आझाद मैदानाच्या जागी, कटाच्या आरोपावरून दोघांना तोफेच्या तोंडी दिले. त्यांची नावे सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया.

पहिल्या महायुद्धात तुर्की खलिफाने जिहाद पुकारला होता. त्याचा परिणाम झाला का?
— एक वाचक, कुर्ला

१४ नोव्हेंबर १९१४ रोजी इस्तंबूलमध्ये जिहाद जाहीर झाला. पण तुर्कांच्या बाजूला कोण होते, तर प्रोटेस्टंटबहुल जर्मनी, कॅथलिक ऑस्ट्रिया आणि पुढे ऑर्थोडॉक्स बल्गेरिया. जून १९१६मध्ये खुद्द मक्केचा शरीफ हुसेन खलिफाविरुद्ध उठला. सिंगापुरात १९१५मध्ये भारतीय मुसलमान शिपायांचे बंड झाले, तो या हाकेचा थोडासा परिणाम म्हणता येईल. पण इराकच्या आघाडीवर ब्रिटिशांच्या फौजेतले भारतीय मुसलमान शिपाई तुर्कांविरुद्ध लढतच राहिले.

धर्म खरोखर आडवा आला तो जेवणाच्या पानावर. इराकमधल्या कूट-अल-अमारा इथे ब्रिटिशांची सहावी पुणे डिव्हिजन ७ डिसेंबर १९१५पासून वेढ्यात अडकली. तिच्यात मराठा पलटणीही होत्या. रसद संपल्यावर घोडे आणि खेचरे कापायची वेळ आली, तेव्हा हिंदू आणि मुसलमान दोन्ही शिपायांनी ते मांस नाकारले. भारतातल्या धर्मगुरूंकडून परवानगी मागवली गेली. तरी बहुतेकांनी ते खाल्ले एप्रिल उजाडल्यावर. तोवर स्कर्व्ही (‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा रोग) आणि अशक्तपणाने रुग्णालये भरली होती. २९ एप्रिल १९१६ रोजी सुमारे १३,००० जण शरण गेले.

तुमची उत्तरे ही धर्माची वकिली वाटते. प्रत्येक वेळी पैसा आणि जमीन पुढे करून धर्माला सोडून द्यायचे, हे बरोबर आहे का?
— एक वाचक, मुलुंड

नाही, आणि तसे आमचे म्हणणेही नाही. ऑगस्ट २०१४मध्ये इराकच्या सिंजार भागात ‘इस्लामिक स्टेट’ या जिहादी संघटनेने यझिदी या छोट्या धर्मपंथाच्या लोकांवर हल्ला केला. धर्म बदला किंवा मरा, असे पुरुषांना सांगितले आणि बायकांना बाजारात विकले. तिथे धर्म काढून घेतला तर कृत्याचा अर्थच लागत नाही. एकोणिसाव्या शतकात चीनमध्ये सरकारी नोकरीच्या परीक्षेत वारंवार नापास झालेल्या हूंग शिऊछुआनने स्वतःला येशूचा धाकटा भाऊ ठरवले. त्याच्या अनुयायांनी १८५३मध्ये नानजिंग जिंकून राजधानी केले. १८६४मध्ये हे ताइपिंग बंड संपले, तेव्हा किमान २ कोटी माणसे गेलेली होती. त्यात दुष्काळ, करांचा बोजा आणि अफूयुद्धानंतरची बेकारी होती हे मान्य, पण त्या बाबाच्या दृष्टान्तांशिवाय ती फौज उभी राहिली नसती.

आमचे मत विचाराल तर धर्माचे खरे काम युद्ध सुरू करण्यापेक्षा ते मिटू न देण्यात दिसते. शेत वाटता येते, महसुलाची टक्केवारी ठरते, नदीच्या पाण्याचे पाळीपत्रक लागते. पवित्र जागा वाटता येत नाही. जेरुसलेममधले अल-अक्सा मशिदीचे आवार जेमतेम ३५ एकरांचे. ज्यूंच्या प्राचीन मंदिराची जागा तीच. २०००मध्ये इस्रायल आणि पॅलेस्टिनी यांच्यातली कॅम्प डेव्हिडची बोलणी फिसकटली, त्यात या आवाराचा मोठा हात होता. तेव्हा आणि नंतरही वरची जमीन एकाच्या ताब्यात आणि खालची दुसऱ्याच्या, अशीसुद्धा सूचना झाली. जमिनीचे मजले पाडण्यापर्यंत मुत्सद्दी आले, यावरून अडचण किती खोल आहे ते कळते. माघार घेणाऱ्या पुढाऱ्याला आपल्याच माणसांकडून धर्मद्रोही ठरण्याची भीती असते. म्हणून तडजोडीचा आकडा टेबलावर येतच नाही.

उलट बाजूचे उदाहरणही पाहा. थायलंड आणि कंबोडिया दोन्ही थेरवादी बौद्ध देश. भांडतात ते डोंगरावरच्या प्रेह विहार या शिवमंदिरापायी. १९६२मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने ९ विरुद्ध ३ मतांनी मंदिर कंबोडियाला दिले. फ्रेंचांनी काढलेल्या १९०७च्या नकाशावर ते ठरले. तरी भोवतालच्या ४.६ चौरस किलोमीटर जमिनीवरून २००८ ते २०११मध्ये तोफा डागल्या गेल्या आणि जुलै २०२५मध्ये सीमेवर पुन्हा पाच दिवस लढाई झाली, त्यातही शिवमंदिरांचा परिसर होता. शंकराची पूजा तिथे कोणीच मुख्य धर्म म्हणून करत नाही. पवित्र जागा राष्ट्राभिमानाची खूण झाली की पूजा करणाऱ्यांची गरज उरत नाही.

धर्म नसता तर युद्धे थांबली असती का?
— एक वाचक, चेंबूर

रवांडात १९९४मध्ये मारणारे आणि मरणारे बहुतांश ख्रिस्ती, त्यातही कॅथलिक पुष्कळ. शियाबहुल इराण आणि इराक १९८० ते १९८८ लढले, तेव्हा इराकी पायदळातही शियांचाच भरणा होता. १९७१मध्ये पूर्व पाकिस्तानात मुसलमानांवर गोळ्या झाडणारे लष्कर मुसलमानच. कोरियाचे युद्ध, व्हिएतनामचे युद्ध. यादी आणखी वाढवण्यात अर्थ नाही. थांबली नसती.

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज कुठल्या ना कुठल्या ‘धर्मयुद्धा’चा इतिहास येतो. तो सामान्य माणसाने कसा तपासायचा?
— एक गृहिणी, विलेपार्ले

पहिल्यांदा दोन्ही फौजांतल्या सरदारांची नावे शोधा. समोरच्या बाजूला आपल्या धर्माचे किती आणि आपल्या बाजूला त्यांच्या धर्माचे किती, हे निघाले की निम्मा मजकूर तिथेच गळतो. हळदीघाटीत अकबराची फौज मानसिंगाच्या हाती आणि राणा प्रतापाच्या आघाडीला हकीमखान सूर, हे बहुतेक संदेशांत नसतेच. पण नुसत्या नावांवर थांबू नका. पगारासाठी दुसऱ्या धर्माच्या राजाकडे नोकरी करणारे सगळीकडे होते, त्यामुळे सेनापतीचा धर्म हा पुरावा अर्धाच धरायचा.

मग साल विचारा. दोन धर्म शेजारी तीनशे वर्षे नांदत असतील, तर युद्ध त्याच वर्षी का? त्या वर्षी राजा मेला होता का, पाऊस पडला नव्हता का, एखादा व्यापारी मार्ग बंद झाला होता का?

त्यानंतर तह. पुरंदरच्या १६६५च्या तहात २३ किल्ले आणि ४ लाख होनांचा मुलूख आहे, १२ किल्ले आणि १ लाख होनांचा मुलूख महाराजांकडे ठेवला आहे, संभाजीराजांची मनसब आहे. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे साडेतीन हजार माणसे गेली आणि जग त्याला कॅथलिक-प्रोटेस्टंट भांडण म्हणत राहिले. १० एप्रिल १९९८च्या करारात मंत्रिपदांची वाटणी, कैद्यांची सुटका, पोलीसदलाची फेररचना आणि शस्त्रे खाली ठेवणे आहे. पोपचा अधिकार किंवा प्रार्थनेची रीत यावर एक ओळ नाही. तहाचा दोष एवढाच, की तो सह्या करणाऱ्यांनी लिहिलेला असतो. गावात शेजाऱ्याने शेजाऱ्याला का मारले, ते त्यात सापडत नाही. औरंगजेबाने १६७९मध्ये पुन्हा लादलेल्या जिझियासारखी (बिगर-मुसलमानांवरचा कर) गोष्ट तहात नसली, तरी तिने माणसे दुखावली होतीच.

शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी : हरणाऱ्या बाजूने त्या दिवशी धर्म बदलला असता, तर जिंकणारा माघारी गेला असता का? विजापूरची आदिलशाही १६८६मध्ये आणि गोवळकोंड्याची कुतुबशाही १६८७मध्ये औरंगजेबाने बुडवली. दोन्ही मुसलमान राज्ये होती, त्यामुळे उत्तर मिळालेलेच आहे. सिंजारच्या बाबतीत उत्तर वेगळे येते, आणि ते तसेच मांडावे.

मूळ कागद पाहायचे असतील तर कंपनीने हिंदी सत्तांशी केलेल्या तहांचे ऐचिसनने संकलित केलेले खंड आणि सरदेसाईंनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड ही दोन साधने पुरेशी आहेत. पेशवे दप्तराचे कागद बाळबोध लिपीत छापलेले आहेत, त्यामुळे मोडी यावी लागत नाही. फोर्टात टाऊन हॉलमधली एशियाटिक सोसायटी आणि दादरचे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय इथे चौकशी करा. मुंबई इलाख्याचे हस्तलिखित दप्तर काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेखागारात आहे. तिथे जाताना ओळखपत्र आणि आपल्याला नेमके कोणते साल, कोणता विषय हवा याची चिठ्ठी सोबत ठेवा. नुसते ‘धर्मयुद्धांचे कागद’ मागितले, तर तिथल्या माणसाला काहीच काढून देता येणार नाही.